कोरी प्रत

वाचनालयाच्या तपासणीला आलेले साहेब सगळ्यांसमोर माझ्याकडं बघून म्हणाले, "बालविभाग ठेवावा तर दाक्षायणीबाईंनी. एक पान फाटलेलं नाही!" मी शेजारी उभ्या असलेल्या महादेवीकडं बघितलं. विणकर वस्तीतल्या तिच्या शाखेची चाळीस पुस्तकं बांधणीला निघाली होती, तरी ती आपली हसतच होती. मला तेच सहन होईना. पोरं तिच्याकडं उड्या मारत जातात. दर शनिवारी गोष्टी काय, नाटकं काय! माझ्याकडं मात्र 'आधी हात धुऊन या' म्हटलं की दारातूनच परत फिरतात.

बांधणीसाठी आणलेल्या तिच्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक मी मुद्दामच उचललं. पाठ चादरीच्या लाल सुतानं शिवलेली. शेवटचं पान गायब, त्या जागी वहीचा कागद चिकटवून त्यावर पेन्सिलीनं गोष्टीचा शेवट लिहिलेला.

"हे काय गं?"

"लई वाचून पान गळालं की, बाई. पोरांना गोष्ट तोंडपाठ होती, त्यांनीच लिहून काढलं."

तोंडपाठ म्हणे! दहा तरी चुका असणार. साहेब जायच्या आत त्या दाखवाव्यात म्हणून मी कपाटाचं कुलूप उघडून त्याच पुस्तकाची माझी प्रत काढली. अडुसष्ट साली आलेली, सात वर्षं जपलेली. शेवटचं पान उघडायला गेले, तर उघडेना. छापखान्यातून आली तशी ती पानं कडेला जोडलेलीच होती. अजून कुणी कापलीच नव्हती.