आधी कोण हो म्हणालं?

हळदीला किती पानं मांडायची, याचा पूनमनं एक्सेलमध्ये हिशेब केला, पण एरर काही जाईना. भावानं, गणराजनं, स्क्रीन बघितली आणि तो हसतच सुटला.

"काकांच्या चौकटीत लिहिलंयस, आत्या हो म्हणाली तर येणार. आत्याच्या चौकटीत, काका हो म्हणाले तर येणार. बिचारं गोल गोल फिरतंय!"

"दोघांनी तसंच सांगितलंय मला."

पूनमनं दोन्ही चौकटींत 'येणार' लिहिलं. एरर गेला. मग तिनं थळला काकांना नि रेवदंड्याला आत्याला फोन केला.

हळदीला आत्या काकांसमोर उभी राहिली. "दादा, शेवटी तूच पयला हो बोललास ना?"

काकांनी पूनमकडं पाहिलं. हळदीनं माखलेल्या पूनमनं पटकन डोळे मिटले.

"व्हय," काका म्हणाले, "मीच बोललो."