सोमवारचं बटण

१९९४ च्या जानेवारीत जळगावच्या पाइप कारखान्यातल्या टायपिस्ट कुंदाबाईंना नवा कीबोर्ड मिळाला. त्याच्या एकेका बटणावर अख्खा मजकूर बसवता यायचा. दोन दिवस डोकं खाजवून बाईंनी साहेबांची सगळी पत्रं बसवली आणि उरलेल्या एका बटणावर, धुळ्याच्या होस्टेलात नुकत्याच गेलेल्या लेकीला पाठवायचं पत्रही बसवून टाकलं.

“अक्का, आईची मायाबी बटणावर बसवली का?” शेजारच्या टेबलावरचे रतिलालभाऊ हसले.

“माया तीच असते भाऊ, मग बोटं कशाला झिजवायची?”

दर सोमवारी बाई बटण दाबायच्या, कागद छापायच्या आणि न वाचताच पाकिटात घालायच्या. लेकीची उत्तरं आधी पानभर यायची, मग चार ओळींची झाली, मग बंदच पडली. “शिकायला गेली अन् आईला विसरली,” असं बाई डोळे पुसत ऑफिसभर सांगायच्या.

एप्रिलअखेर एकदाचं तिचं कार्ड आलं. बाईंनी ते रतिलालभाऊंना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचायला घेतलं.



“आई, इथे पारा चव्वेचाळीसवर गेलाय. तुझ्या पंधराव्या पत्रातही सांगितलंस म्हणून स्वेटर घालूनच बसलेय. आता काढू का?”