अकरा मिनिटं

करीमानच्या पत्राला लुत्फींनी आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. अलेक्झांड्रियातल्या शिलाई कारखान्यात ते कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवत. अकरा मिनिटं मशीन सोडलं म्हणून करीमानची नोकरी गेली, तीही त्यांच्याच नोंदीवरून. त्याविरुद्ध ती कोर्टात गेली होती. "उस्ताद, मी तेव्हा काय करत होते ते तुम्ही पाहिलंत. कोर्टाला कळवाल?" एवढंच तिने लिहिलं होतं.

"कळवा की! का पडद्याकडे बघून बघून वाचा बसली तुमची?" बायको म्हणाली.

"माझी नोकरी जाईल गं."

"तिची नाही गेली?"

चार कागद फाडल्यावर लुत्फींनी लिहिलं, "शेजारची बाई चक्कर येऊन पडली होती, करीमान तिला सावरत होती. नोंदवहीत कारणाचा रकाना होता. साहेब फक्त मिनिटं वाचतात, म्हणून मी तो कोरा सोडला."

खाली स्वतःचं पूर्ण नाव घालून त्यांनी ते कोर्टाच्या पत्त्यावर टपालात टाकलं.