सही जुळली

माझ्या नातीच्या हातातलं बळ आजारानं वर्षागणिक ओसरत चाललंय. परीक्षेत ती सांगेल ते लिहायला लेखनिक मिळावा म्हणून अर्ज केला, तर तो तिसऱ्यांदा परत आला.

"आजी, सही जुळत नाही," खिडकीतला कारकून म्हणाला. "दोन वर्षांपूर्वीची बघा, कशी टपोरी! आणि ही? मुंगी शाईत पडून चालल्यासारखी."

"अहो, हात चालत नाही म्हणून तर लेखनिक मागतोय ना? डोकं तल्लख आहे पोरीचं. सगळ्यांचं नसतं तसं."

"नियम आहे. बाहेर बसलीय ना ती? जुन्यासारखी सही करून आणा."

परीक्षा परवावर आलेली. तणतणत बाहेर आले आणि तिच्या चाकाच्या खुर्चीशेजारी बसले. मी शाळेची पायरी चढले ती पोरांचे डबे पोचवायला. अक्षरं शिकवली ती या नातीनं, हात धड होता तेव्हा. पहिलं गिरवून घेतलं ते तिचंच नाव, तिच्याच वळणाचं. जन्मात कधी लबाडी केली नाही, पण त्या दिवशी पेन मीच उचललं.

"शेपूट अजून लांब ओढ, आजी," ती हळूच म्हणाली.

कारकुनानं दोन्ही सह्या शेजारी धरल्या. "वा! अगदी हुबेहूब!"

मग अर्जावर लाल रेघ मारून त्यानं तो माझ्याकडे सरकवला.

"इतकं सुरेख लिहिते की पोरगी. हिला लेखनिक कशाला हवा?"