सांगलीचा गेम

मुकुंदआजोबांनी सांगलीहून आणलेलं व्हिडिओ गेमचं जुनं यंत्र चंद्रावरच्या वसाहतीत पोचलं खरं, पण नाणं गिळून नुसतं गप्प बसू लागलं. आपल्या लहानपणीचा खेळ नातीला एकदा तरी खेळायला मिळावा म्हणून आजोबांनी स्वतःचं बाकी सगळं सामान मागे ठेवलं होतं.

"सांग ऋजुता, आधी काय बघायचं?"

"वीज. ती येतेय, पडदा उजळलाय."

"शाब्बास. आता आत नाणं ज्यावर पडतं, तो खटका दाब."

तिने बोटाने खटका दाबताच यंत्र गाऊ लागलं.

"म्हणजे बोटाने चालतं, नाण्याने नाही. नाणं टाक आणि बघत राहा."

नाणं सावकाश उतरलं आणि खटक्यावर अलगद टेकलं.

"नाणं तर नीटच पडतंय, आजोबा!"

आजोबांनी कपाळाला हात लावला आणि ते खो-खो हसले. "तुझ्या लेखी नीट गं! सांगलीत ते धाडकन आदळायचं."

त्यांनी खटक्याची स्प्रिंग सैल केली. पुढच्या नाण्याला खेळ सुरू झाला. पडद्यावरच्या माकडाने उडी मारली आणि ते थेट खड्ड्यात पडलं. पुन्हा तेच. चंद्रावरच जन्मलेली ऋजुता वैतागली.

"अजून बिघडलेलंच आहे हे! इतक्या लवकर कुणी खाली येतं का?"

आजोबांनी तिच्या हातांवर आपले हात ठेवले.

"आमच्याकडे येतं, बाळा. तिथली जमीन कुणाला फार वेळ लांब राहू देत नाही. चल, आता दोघं मिळून उडी मारू."