आईच्या विमानाची स्ट्रिप

आम्ही दोघी बहिणी विमानतळाच्या एकाच नियंत्रण कक्षातून विमानं उतरवतो. धाकटीच्या धावपट्टीला विमानांना वाट दाखवणारी नवी मायक्रोवेव्ह यंत्रणा मिळाली, तेव्हापासून आई उठता-बसता तिचंच कौतुक करते. तिच्याकडे विमानं कुठूनही वळून, कमी अंतराने भराभर उतरतात. माझ्याकडे जुनीच यंत्रणा, सरळ रांग, भरपूर अंतर. आज आई प्रवासाहून परतत होती, आणि तिच्या विमानाची कागदी स्ट्रिप, म्हणजे नोंदीची पट्टी, माझ्या हातात आली. आमच्यात स्ट्रिप ज्याच्याकडे, विमान त्याचं. धाकटीने हात पुढे केला. "ताई, माझ्याकडे जागा आहे, दे." "माझी आई मला जड नाही," म्हणत मी स्ट्रिप मुठीत दाबली. रांग सरेपर्यंत आई वर घिरट्या घालत राहिली. मग मी तिचं विमान अलगद उतरवलं. ड्युटी संपताच आईकडे धावले. "मीच उतरवलं तुला," म्हणून स्ट्रिप दाखवणार, तेवढ्यात आई कपाळ चोळत म्हणाली, "जीव टांगणीला लागला होता गं. धाकटी आज रजेवर होती का?"