सभेला या

सभेला अकरा माणसं आली. त्यातली आठ पंचायतीचीच, नववा खुद्द चिटणीस रोलितो, आणि उरलेले दोघे उन्हातून सावलीला म्हणून टेकलेले.

"झालं. पुढच्या रविवारी पुन्हा," म्हणत गावची निवडून आलेली प्रमुख, कप्तान सोलेदाद, हिने वही मिटली. "तेव्हाही गाव आलं नाही, तर आपणच ठरवून टाकायचं."

ठरवायचं होतं ते वादळातल्या निवाऱ्याचं. पक्क्या सिमेंटची इमारत गावाला मंजूर झाली होती. नकाशात तिची जागा शाळेमागच्या मैदानावर होती.

रोलितोला नोकरीला लागून महिना झाला होता. तो शहरातला. लग्न करून बायकोच्या गावी, या किनाऱ्यावर येऊन राहिला होता. त्याचा पडलेला चेहरा बघून कप्तान म्हणाली, "बाहेर बाकावर मानोय उर्बानो बसलेत. ते सांगतील ते ऐक."

मानोय उर्बानो, सगळ्या गावाचे 'थोरले दादा', सत्तरीचे. वाळून काटक झालेले, पायांत रबरी चपला. त्यांनी फलकावरची सूचना दोनदा वाचली.

"ही कुणासाठी लिहिलीस, जावईबापू? गव्हर्नरसाठी?"

"फेसबुकवरही टाकली होती."

"मग?"

"चौघांनी अंगठा दाखवलाय."

"त्यातली एक तुझी बायको."

रोलितोने फोन खिशात घातला.

"आणि दुपारी दोन वाजता सभा? तेव्हा होड्या किनाऱ्याला लागतात. मासे कोण उतरवणार, तुझा कागद?"

त्यांनी जुनी सूचना काढायला लावली. नवी गावच्या बोलीत, मोठ्या अक्षरांत लिहून घेतली : 'वादळात आपली पोरं कुठे झोपणार, ते रविवारी ठरणार आहे. मिस्सा संपल्यावर सभेला या. तुम्ही नाही आलात, तर दुसरं कुणीतरी ठरवेल.'

मग आठवडाभर ते रोलितोला गावभर फिरवत राहिले. सकाळी तीनचाकीवर कर्णा बांधून मासळीबाजारात, ऊन उतरलं की पायी. ते कुणाच्या दारात थेट सभेचं काढायचे नाहीत. आधी गुडघ्याची चौकशी, मनिलाला गेलेल्या लेकीची चौकशी, मग वाफाळती कॉफी, आणि उठता उठता रविवारची आठवण. कोणत्या घरात किती मतं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं त्यांच्या जिभेच्या टोकावर होतं. लोकही त्यांना बघून हातातलं काम ठेवायचे.

वरच्या आळीत फेलिसा सुकट निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"आम्ही येऊन काय करू? आमचं तिथे ऐकतं कोण?"

"मी ऐकतो की," मानोय म्हणाले.

"तुमच्या ऐकण्यानं काय झालं आजवर?"

मानोय मोठ्याने हसले. "काही नाही. म्हणून तर तू ये. मला जमलं नाही, तुला जमेल."

उतरताना रोलितोने विचारलं, "किती वर्षं करताय हे?"

"अठरा."

"कंटाळा नाही आला?"

"आला ना. दर तीन वर्षांनी एकदा येतो. आठ दिवस घराबाहेर पडत नाही. मग बायको हाकलते."

त्या उतारावर रोलितोने मनोमन ठरवलं, आपण असाच चिटणीस व्हायचं. माणूस निवृत्त झाला तरी काम त्याच्यातून निवृत्त होत नाही, ते असं.

रविवारी चर्चमधली मिस्सेची प्रार्थना संपली आणि माणसं येत गेली. खुर्च्या संपल्या, बाकं संपली, बाया पायऱ्यांवर बसल्या. रोलितोने दोनशे चौदा नावं लिहून घेतली, तेव्हा कुठे त्याने पेन खाली ठेवलं.

मैदानाचा नकाशा भिंतीवर लावला गेला. मग मागून फेलिसा उठली.

"ही जागा सपाट आहे म्हणून निवडली ना? सपाट आहे ती समुद्राने केली म्हणून. मोठ्या वादळात तिथे माझ्या गळ्यापर्यंत पाणी होतं. सासरे माडाला धरून होते. सकाळी बघितलं, तर माड होता, सासरे नव्हते." तिचा आवाज चिरकला, पण ती बसली नाही. "निवारा बांधायचाच तर प्रार्थनाघराच्या टेकाडावर बांधा. म्हाताऱ्यांना चढवत न्यायचं आमच्याकडे लागलं. आम्ही नेऊ."

कप्तानने हात वर करायला सांगितले. टेकाडासाठी एक हात वर गेला, मग दहा, मग मोजता येईनात इतके. नकाशा काढणाऱ्या पंचानेही इकडेतिकडे बघून आपला हात वर केला. कप्तानने सगळ्यांदेखत नकाशावरची खूण खोडली आणि नवी मारली.

मानोय उर्बानो सगळा वेळ दाराशी पाण्याचे पेले भरत होते.

रोलितोला राहवलं नाही. त्याने माईक घेतला. "आज सभा भरली ती माझ्यामुळे नाही. आपले जुने चिटणीस, मानोय उर्बानो, यांच्यामुळे!"

त्यावर एवढा हशा उसळला, की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. सगळ्यात जास्त मानोय हसत होते, डोळे पुसत.

रोलितोचे कान लाल झाले. कप्तानने त्याला बाजूला ओढलं. "चिटणीस कसले! ते या पंचायतीत एक दिवससुद्धा नव्हते. सहा वेळा कप्तानपदाला उभे राहिले आणि सहाही वेळा पडले. मागच्या दोन वेळा माझ्याविरुद्ध."

"तुमच्याविरुद्ध?"

"शेवटच्या वेळी तेवीस मतांनी पडले." सोलेदादने दाराकडे बघत आवाज खाली आणला. "आणि माझं मत तर मी त्यांनाच दिलं होतं."